एका हातात मावेल असं पुस्तक

डायलिसिसला बसणाऱ्या माणसाला पुस्तक सुचवायचं तर आधी त्या पुस्तकाचं वजन बघावं लागतं. एका हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. उरलेल्या हातानं पुस्तक धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं पान उलटायचं. कादंबरी कितीही थोर असली तरी जाडजूड असेल तर पोटावर आडवी होते, आणि वाचणाराही तिच्याबरोबर आडवा होतो. खिडकीकडच्या तीन पलंगांवर हे सगळं शास्त्र तयार झालं होतं आणि त्याचे जनक होते अनुस्वारकाका.

काका आयुष्यभर एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. एका अनुस्वारासाठी म्हणे त्यांनी चालू छपाई थांबवली होती. तेव्हा चिकटलेलं नाव इथेही त्यांच्या मागोमाग आलं. शेजारच्या पलंगावर क्लचकाका. मोटार शिकवण्याचा त्यांचा धंदा. मशीनचा अलार्म वाजला की झोपेतसुद्धा त्यांचा डावा पाय दाबला जायचा. आणि तिसऱ्या पलंगावर चष्मेवाली. वय पस्तिशीच्या आतलं, खाली चष्म्याचं दुकान, वर घर, घरात आई.

तिघं नेमानं एकाच पाळीला यायचे आणि एकमेकांना पुस्तकं द्यायचे. नियम दोनच होते. देणाऱ्यानं का देतोय ते सांगायचं, आणि घेणाऱ्यानं वाचून खरं मत द्यायचं, उगाच गोड बोलायचं नाही. क्लचकाका फक्त रहस्यकथा वाचायचे आणि देतानाच खुनी कोण ते सांगून टाकायचे. "म्हणजे वाचताना जिवाला घोर नको," असं त्यांचं म्हणणं. चष्मेवालीची मतं तिच्या धंद्यातून यायची. "जवळचं छान दिसतं, लांबचं सगळं धूसर," असं ती एखाद्या लेखकाबद्दल म्हणायची आणि अनुस्वारकाका खूश व्हायचे. चाळीस वर्षं वाचून आपल्याला जे सांगता आलं नसतं ते ही पोरगी एका वाक्यात सांगते, असं ते घरी बायकोला म्हणायचे.

चष्मेवालीला तिचा थोरला भाऊ किडनी देणार होता. तपासण्या चालल्या होत्या, तारखेची बोलणी निघाली होती. तिनं दुकानात नवीन काउंटरची ऑर्डरही दिली होती. आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर डॉक्टरांनी भावालाच नापास केलं. त्याच्या स्वतःच्याच रक्तात खोट निघाली. त्याची किडनी काढणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होता. दुसरं कोणी जुळणारं नव्हतं.

ही बातमी तिनं पलंगावर बसता बसता सांगितली. गिऱ्हाइकाला "तुमची फ्रेम आली नाही, कंपनीनं बंद केलीय" असं सांगावं, तशी. क्लचकाकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. सिस्टर सुई हातात धरून तशीच उभी राहिली.

"टोचा ना," चष्मेवाली म्हणाली. "हात अवघडला."

पुढच्या वेळी अनुस्वारकाकांनी पिशवीतून एक लहानसं पुस्तक काढलं. कोपरे झिजलेले, पाठीला पट्टी लावलेली. हे पुस्तक त्यांनी आजवर कोणाला दिलं नव्हतं. सख्ख्या भावाला नाही, कचेरीतल्या दोस्तांना नाही. गोष्ट एका म्हाताऱ्या नावाड्याची होती. नदीवर पूल होतो, नावाड्याचं काम जातं, घरचे त्याला समजावत राहतात. तो कोणावर रागावत नाही. एका सकाळी नाव सोडतो, मध्यभागी गेल्यावर वल्ही आत ओढून घेतो आणि नदीला म्हणतो, आता तू ने. तिथेच पुस्तक संपतं.

"हे का देताय?" चष्मेवालीनं नियमाप्रमाणे विचारलं.

"माझं सगळ्यात आवडतं आहे. मला पहिल्यांदा इथे आणलं ना, तेव्हा मी रात्र रात्र तळमळायचो. ह्यानं मला शांत केलं."

तिनं ते हातात तोलून बघितलं. "मावतंय," म्हणाली.

त्यानंतरच्या पाळीला ती आली तेव्हा तिचा चेहरा खरोखरच निवलेला दिसत होता. मशीन सुरू झाल्यावर ती म्हणाली, "संपवलं, काका."

"मग?"

"खूप हलकं वाटलं."

तिनं जवळचं-लांबचं काही काढलं नाही, एकही खोट काढली नाही. अनुस्वारकाकांना आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं, "खूप हलकं वाटलं म्हणाली."

मध्ये दोन दिवसांची सुट्टी होती. आठवड्यातली ही सुट्टी सगळ्यांनाच जड जायची. घोट मोजून प्यायलं तरी अंगात पाणी साठायचं, चपला तंग व्हायच्या, जिन्यावर दम लागायचा. त्या सुट्टीनंतरच्या सकाळी काका आले, सुया टोचून झाल्या, नळीतून रक्त फिरायला लागलं आणि मग त्यांचं लक्ष तिसऱ्या पलंगाकडे गेलं. चादर ताणलेली. उशी जागच्या जागी.

"बस चुकली असेल," क्लचकाका म्हणाले.

थोड्या वेळानं सिस्टरनं चष्मेवालीला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. मग घरच्या नंबरावर लावला, आणि सिस्टर दाराकडे सरकत हळू आवाजात बोलायला लागली. एरवी ती फोनवर सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलायची. काकांनी कान टवकारले.

"नाही हो, इथे नाही पोचली... कधी निघाली?... नेहमीच्या वेळेला?... बरं बरं, तुम्ही घाबरू नका, मी बघते."

पलीकडून कोणीतरी ओरडल्याचा बारीक आवाज काकांपर्यंत आला. पाठोपाठ त्यांच्या कानात ते दोन शब्द वाजले. हलकं वाटलं.

त्यांना आता ते शब्द वेगळेच ऐकू येऊ लागले. पुस्तक आवडलं म्हणून माणसाला हलकं वाटतं? आवडलं की माणूस बडबडतो, भांडतो, ते वाक्य आठवतं का म्हणतो. हलकं वाटतं ते ठरलं की. काहीतरी एकदाचं ठरलं की.

"सिस्टर," ते म्हणाले, "मला काढा."

"काय?"

"सुया काढा. मला जायचंय."

"काका, अजून बराच वेळ आहे तुमचा. कुठे जायचंय?"

"तिला शोधायला. मी तिला एक पुस्तक दिलं होतं. त्यातला माणूस शेवटी..." त्यांनी मोकळा हात सुयांकडे नेला. "तुम्ही काढा, नाहीतर मी उपटतो."

"उपटा," सिस्टर म्हणाली. "छतापर्यंत रक्त उडेल, मग मी तुम्हाला सांभाळत बसेन आणि तिला शोधायला कोणीच राहणार नाही. गप पडा. मी डॉक्टरांना सांगते, ते पोलिसांना कळवतील."

तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच काकांना जास्त राग आला. ते पडून राहिले. नळीतून स्वतःचं रक्त जाताना-येताना बघत राहिले. मशीन आपल्या गतीनं चाललं होतं. त्याला घाई ठाऊकच नव्हती. काकांनी बायकोला फोन केला आणि काही न सांगता ठेवून दिला. चष्मेवालीचा नंबर लावला, पुन्हा लावला. मग त्यांनी डोळे मिटले, तर डोळ्यांसमोर पुस्तकाचं शेवटचं पान. पाठच होतं ते त्यांना, विरामचिन्हांसकट.

"अनुस्वार," क्लचकाका हळूच म्हणाले, "असं काय होतं त्या पुस्तकात?"

काकांनी सांगितलं. क्लचकाकांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि असलं पुस्तक त्या पोरीला तू नेमकं आत्ता दिलंस?"

"मला शांत वाटलं होतं रे वाचून!"

"तुझी गोष्ट वेगळी. तुझं सगळं जगून झालंय."

क्लचकाका लवकर सुरू व्हायचे, म्हणून लवकर सुटायचे. त्यांची बायको नेहमीप्रमाणे शिकवणीची गाडी घेऊन खाली आली होती. त्यांनी तिला वर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तोवर सिस्टरलाही अनुस्वारकाकांचा चेहरा बघवेना. डॉक्टरांना विचारून तिनं त्यांचं मशीन जरा आधी बंद केलं, सुयांच्या जागी बोळे दाबून घट्ट पट्टी बांधली. "चक्कर आली तर खाली बसायचं," ती म्हणाली. "आणि सापडली की थेट इकडे आणायची. घरी नाही, दुसऱ्या दवाखान्यात नाही, इकडेच. मी तिचं मशीन लावून ठेवते."

गाडीच्या टपावर शिकाऊ वाहनाचा फलक होता. काकू चालवायला बसल्या, शेजारी क्लचकाका, मागे अनुस्वारकाका. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. काकूंनी इतकी वर्षं गाडी चालवूनही क्लचकाकांचा पाय तिथून कधी हटत नसे.

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"नदीवर," अनुस्वारकाका म्हणाले. "जुन्या पुलाखाली. तिथे नावा बांधलेल्या असतात."

जुन्या पुलाखाली दोन फुटक्या नावा उपड्या पडल्या होत्या. काठाला एक माणूस गळ टाकून बसला होता. अनुस्वारकाका चिखलातून त्याच्यापर्यंत गेले. इथे कोणी बाई आली होती का, जाड चष्मा, निळी पिशवी? माणसानं मान हलवली. सकाळपासून आपण आणि हे पाणी, दुसरं कोणी नाही, म्हणाला. काका पाण्याकडे बघत उभे राहिले. नदी संथ होती, गढूळ होती, आणि तिच्यात काहीच दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं ह्याचाच अर्थ काय घ्यायचा ते त्यांना कळेना.

काकू वरून ओरडल्या, "भाऊजी, वर या! तिच्या आईला विचारलंत का काही?"

"सिस्टरनं विचारलं. निघाली म्हणाल्या."

"ते झालं हो. पण काल काय बोलत होती, काय घेऊन गेली, कोणाला फोन केला? त्या पुस्तकाला काय विचारताय, माणसाला विचारा की!"

काकांनी घरचा नंबर लावला. पलीकडे आई रडत होती. मधूनमधून तिच्या तोंडून शब्द बाहेर पडत होते. पोरगी काल हसतखेळत होती. दोन दिवस पोटभर पाणी प्यायली, मी ओरडले तर म्हणाली, डॉक्टरांनीच परवानगी दिलीय. आणि हो, कधी नव्हे ते मावशीचा पत्ता मागून घेतला. मावशी दूर समुद्राकाठच्या खेड्यात असते, तिथे धड दवाखाना नाही.

"बसस्थानक," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गाडी वळवली ती इतक्या जोरात की क्लचकाकांनी आपला ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागचे सगळे भोंगे एकदम सुरू झाले.

"पाय काढा तो!"

"अगं, समोर टेम्पो होता!"

"मला दिसत होता! तुम्ही पाय काढा, नाहीतर मागे जाऊन बसा!"

क्लचकाकांनी मांडी घालून पाय सीटवर घेतले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बसस्थानकात ती त्यांना लगेच सापडली. शेवटच्या फलाटावर, खांबाला टेकून, बाकावर बसली होती. निळी पिशवी शेजारी. पायांतल्या चपलांचे पट्टे सोडलेले, पावलं सुजून घट्ट झालेली. हातात पाण्याची बाटली, जवळजवळ रिकामी. अनुस्वारकाकांनी क्लचकाकांना हातानंच मागे थांबवलं आणि ते एकटे जाऊन तिच्याजवळ बसले. बसायची गरज त्यांनाही होती. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"आईनं सांगितलं?" ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही मशीन सोडून आलात?"

"झालं होतं माझं."

"खोटं बोलू नका. पट्टी ओली आहे अजून." तिनं बाटली तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "काय मजा असते हो पाणी पिण्यात. विसरलेच होते मी. घोट मोजायचे नाहीत, काही नाही."

"चल, पोरी. सिस्टर थांबलीय."

"मी मावशीकडे चाललेय."

"तिथे मशीन नाही."

"माहितीय."

समोर मावशीच्या गावाकडची दिवसातली एकुलती बस उभी होती. ड्रायव्हर अजून आला नव्हता. काकांनी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आता हाताशी येईना.

"ते पुस्तक चुकीचं आहे," ते म्हणाले. "मी तुला द्यायला नको होतं. फेकून दे ते."

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि तो लवकर थांबेना.

"काका, एक पुस्तक वाचून मी मरायला निघेन, इतकी खुळी वाटले का तुम्हाला? माझं आधीच ठरलं होतं. दादाचा रिपोर्ट आला त्याच दिवशी. फक्त मी सगळ्यांवर चिडले होते. दादावर, आईवर, डॉक्टरांवर. तुमच्या पुस्तकानं एवढंच सांगितलं की न चिडताही जाता येतं. मग हलकं वाटलं."

"म्हणजे दार मीच उघडून दिलं."

"दिलंत ना, मग? निदान वाट तरी अडवू नका."

काकांनी आपल्या पट्टीवर दुसरा हात दाबून धरला.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही ते पुस्तक किती वेळा वाचलंय. तुम्हाला तो नावाडी इतका पटतो. मग तुम्ही का येता तिथे? नेमानं, वेळेआधी, आठवड्यामागून आठवडे?"

ह्या प्रश्नाचं उत्तर काकांनी कधी शोधलं नव्हतं. बायकोसाठी येतो असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण नियम होता, खरं मत द्यायचं.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "मी त्या नावाड्यासारखा नाही. रोज झोपताना मी ते पान वाचतो आणि म्हणतो, वेळ आली की मीही असाच जाईन. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन हात पुढे करतो. मी भित्रा आहे, पोरी. मला वाटलं..." ते समोरच्या बसकडे बघत राहिले. "काय वाटलं ते मलाही नीट कळलं नव्हतं. मला जे जमत नाही ते मी तुझ्या हातात ठेवलं. बरोबर नाही केलं मी."

ड्रायव्हर आला, बस सुरू झाली, कंडक्टरनं हाक दिली. चष्मेवाली उठली. काकांनी तिचा हात धरला नाही. धरावा असं मनात येऊनही त्यांना धीर झाला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या गोष्टीचं नवल वाटत राहिलं. ती पिशवी उचलून बसच्या दारापर्यंत गेली. एक पाय पायरीवर ठेवला. दांडी धरली. दुसरा पाय उचलेना.

"अहो बाई, आत तरी चढा नाहीतर बाजूला तरी व्हा," कंडक्टर म्हणाला.

ती पायरीवरच बसली. तोंड उघडलं, पण हवा आत जात नव्हती. घशातून घरघर यायला लागली, पाणी उकळल्यासारखी. ओठांचा रंग गेला. तिनं काकांकडे बघितलं आणि त्या नजरेत हलकं असं काहीही नव्हतं.

"काका," ती म्हणाली. पुढचे शब्द तुटक आले. "श्वास... नाही मिळत."

क्लचकाका धावत आले. स्वतः नुकतेच मशीनवरून उठलेल्या दोन म्हाताऱ्यांनी आणि एका कंडक्टरनं मिळून तिला गाडीपर्यंत नेलं. काका तिला मागच्या सीटवर आडवी करायला गेले तर तिनं जिवाच्या आकांतानं त्यांना ढकललं. आडवं झाल्यावर बुडाल्यासारखं होत होतं. मग त्यांनी तिला ताठ बसवलं, खिडकी उघडली आणि तिची पाठ आपल्या छातीला टेकवून धरली. पट्टी कधी सुटली ते त्यांना कळलं नाही. बाही लाल झाली होती.

काकूंनी भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. शिकाऊ गाडी बघून लोक आधीच बाजूला होत होते. जे होत नव्हते त्यांना क्लचकाका खिडकीतून अर्धे बाहेर वाकून शिव्या घालत होते. उजवीकडून घे, आता डावीकडून, लाल असू दे, जा! ज्या माणसानं आयुष्यभर लाल दिव्याला थांबायला शिकवलं, तो आज सिग्नल तोडायला सांगत होता. मागे अनुस्वारकाका एकच सांगत राहिले, "आत... बाहेर... आत... बाहेर..." आणि तिच्या प्रत्येक श्वासाला वाटे, हा शेवटचा तर नाही ना.

दारात सिस्टर चाकांची खुर्ची घेऊनच उभी होती. ऑक्सिजन लागला, सुया गेल्या, मशीन फिरायला लागलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. अनुस्वारकाकांच्या हाताला नवी पट्टी बांधताना सिस्टरनं ती जरा जास्तच घट्ट ओढली. मग म्हणाली, "अजून थोडा उशीर झाला असता तर..."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. श्वास मोकळा झालाय, म्हणाले, आज ठेवून घेतो. काकांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चष्मेवालीची आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ठेंगणी, घामेजलेली, हातात ते कोपरे झिजलेलं पुस्तक. मुलीच्या उशाखाली सापडलं होतं.

"हे तुम्ही दिलंत?"

"हो."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"नाही."

"तरीच," ती म्हणाली. तिनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं. "पुन्हा माझ्या मुलीला काही वाचायला देऊ नका."

काकांनी मान डोलावली.

त्यानंतर खिडकीकडच्या पलंगांवरची पुस्तकं बंद झाली. अनुस्वारकाका फक्त वर्तमानपत्र आणू लागले, आणि तेही मागच्या पानापासून वाचू लागले. चष्मेवाली परत आली. आता आई तिला स्वतः सोडायला यायची आणि पाळी संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायची. डॉक्टर तिच्याशी दोनदा दार लावून बोलले. एकदा आईला आणि दादालाही आत घेतलं. तिथे काय झालं ते तिनंच पुढे सांगितलं. डायलिसिस थांबवायचं असेल तर थांबवता येतं, पण सगळ्यांना सांगून, नीट, त्रास कमी होईल अशी सोय करून. फोन बंद करून बसस्थानकात नाही. "आत्ता तरी येतेय," तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं. "पुढचं पुढे बोलू." दादा त्या खोलीत खूप रडला म्हणे. त्याच्यावरचा तिचा राग तिथेच गेला.

एका सकाळी मशीन सुरू झाल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "काका, मी त्या पुस्तकावर खरं मत दिलंच नाही अजून."

क्लचकाकांनी वाचत असलेली रहस्यकथा छातीवर उपडी ठेवली. अनुस्वारकाकांनी दाराकडे बघितलं. काचेपलीकडे आई बसली होती.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

"नियम आहे. ऐका. शेवट खोटा आहे."

काकांनी वर्तमानपत्र पोटावर ठेवलं.

"तुमचा तो लेखक नदी लिहितो, धुकं लिहितो, वल्ह्यांचा आवाज लिहितो. आणि मग पुस्तक संपवतो. नावाड्याला पुढे काय झालं? भूक लागली असेल, थंडी वाजली असेल, घाबरला असेल, परत फिरावंसं वाटलं असेल. मी बसच्या पायरीवर बसले ना, तेव्हा मला कसलं शांत वाटलं नाही. मला हवा पाहिजे होती. फक्त हवा. एखाद्या जनावरासारखी. तुमच्या लेखकाला कधी श्वास लागलेला नव्हता. त्यानं ते पान लिहिलंच नाही."

ज्या माणसाच्या नजरेतून हजारो पानांतला एकही अनुस्वार सुटला नव्हता, त्याला ह्या पुस्तकात एक आख्खं पान नाही हे कधी दिसलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात शेवट पुन्हा चाळला. वल्ही आत. आता तू ने. आणि पुढे पांढरं. तिचं बरोबर होतं. पण त्यांना वाईट वाटलं ते त्याचं नाही. हे सगळं खरं असूनही ते शेवटचं वाक्य मनात आलं की आतून काहीतरी सैल होत होतं, पहिल्यांदा झालं होतं तसंच.

"मला अजून आवडतं ते," ते म्हणाले.

"मग आवडू द्या की! मी कुठे नाही म्हणतेय? पण आवडतं म्हणून खरं होतं का?"

"खरं नसेल. पण खोटंही नाही. तो माणूस थकला होता, आणि थकल्यावर माणसाला तसंच वाटतं. तेवढं त्यानं लिहिलं."

"अर्धंच लिहिलं."

"सगळं कोण लिहितं?"

"ज्याला धीर असतो तो!"

दोघांचे आवाज इतके चढले की चष्मेवालीचं मशीन कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली, नळी सरळ केली आणि दोघांवर डोळे वटारले. काचेपलीकडे आई उठून उभी राहिली होती. तिला मुलीचे लाल झालेले गाल दिसले, उगारलेलं एक बोट दिसलं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग परत बसली.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या पलंगावर एक नवीन बाई आल्या होत्या. कोर्टात वकिली करायच्या. पहिल्यांदाच सुया टोचल्या होत्या, आणि भीतीनं त्यांनी उशीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. भांडण ऐकता ऐकता ती मूठ कधी सुटली ते त्यांनाही कळलं नसावं.

"कुठल्या पुस्तकाबद्दल चाललंय?" त्यांनी विचारलं. "मी वाचू का?"

"नको," अनुस्वारकाका घाईघाईनं म्हणाले.

"वाचा," चष्मेवाली त्याच वेळी म्हणाली. "पण एकटीनं नाही. इथे, आमच्यासमोर. आणि शेवटाला आलात की आधी मला सांगायचं."

"त्यापेक्षा हे घ्या," क्लचकाका आपली रहस्यकथा पुढे करत म्हणाले. "खुनी माळी आहे."